रोजचे लिहिणे: नोरा रॉबर्ट्स यांच्या प्रेमकादंबऱ्यांविषयी

नोरा रॉबर्ट्स यांच्याविषयी काहीही वाचायला घेतले, तरी सुरुवात बर्फाने होते. फेब्रुवारी १९७९. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पश्चिम भागातले, वादळात अडकलेले एक घर. शाळा बंद, रस्ते बंद, घरात दोन लहान मुलगे आणि त्यांची अठ्ठावीस वर्षांची आई. घरातले चॉकलेटही संपत आलेले. आपले डोके ठिकाणावर राहावे म्हणून ती एक वही आणि पेन्सिल घेते आणि मनात घोळत असलेली एक गोष्ट उतरवू लागते.

ही हकिकत खुद्द रॉबर्ट्स यांनीच अनेकदा सांगितली आहे आणि तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. अडचण आहे ती आपल्याला ही हकिकत इतकी का आवडते, याची. गृहिणी, वादळ, वही आणि मग अफाट यश, ही मांडणी स्वतःच एखाद्या प्रेमकादंबरीसारखी आहे. वाटेत अडथळा येतो, दैव आडून मदत करते आणि शेवट गोड होतो. या गोडव्यात एक गोष्ट झाकली जाते. वादळ काही दिवसांत ओसरले, लिहिणे मात्र थांबले नाही. दिवसाला सहा ते आठ तास, वर्षानुवर्षे ते चालू राहिले. आज त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक कादंबऱ्या आहेत.

हा आकडा समीक्षेत आला की तो माहिती म्हणून येत नाही, निकाल म्हणून येतो. दोनशे कादंबऱ्या, म्हणजे वाचायची गरजच नाही. आपल्याकडेही हे नवे नाही. वर्षाला दोन-तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्याकडे मराठी समीक्षेने नेहमीच तिरक्या नजरेने पाहिले आहे. मीही त्याच शाळेत शिकले. एखाद्या लेखकाने बारा वर्षे मौन पाळून एक कादंबरी दिली की त्या मौनाविषयीही आम्ही आदराने लिहितो. ते लिहू नये असे नाही. पण जी बाई रोज सकाळी टेबलापाशी बसते आणि चार दशके उठत नाही, तिच्या कामाबद्दल बोलायला आपल्याकडे शब्द का नाहीत, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. रॉबर्ट्स यांची पुस्तके मी अनेक वर्षे वाचत आले, तीही बहुधा कुणाला न सांगता. हा लेख म्हणजे त्या न सांगण्याचा थोडासा हिशेब आहे.

१

आधी बाजाराचा इतिहास पाहू, कारण प्रेमकादंबरी बाजाराबाहेर कधी लिहिलीच गेली नाही. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेली मिल्स अँड बून आणि कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९४९ साली सुरू झालेली हार्लेक्विन या दोन प्रकाशनसंस्था १९७१ मध्ये एक झाल्या. भारतातल्या इंग्रजी वाचणाऱ्या कित्येक मुलींनी भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ररीतून ज्या पातळ कादंबऱ्या आणल्या, त्या याच कारखान्यातल्या. कारखान्याची मुख्य लेखणी बराच काळ ब्रिटिश होती. अमेरिकन लेखिका म्हणून हार्लेक्विनकडे १९७६ पासून जॅनेट डेली होत्या. रॉबर्ट्स यांनी आपली हस्तलिखिते तिथे पाठवली तेव्हा उत्तर आले, ते साधारण असे: आमच्याकडे आमची अमेरिकन लेखिका आहे.

या वाक्यात एका संपूर्ण धंद्याची समजूत आहे. एक खुर्ची, एक लेखिका. दुसरी आली तर तीच गोष्ट पुन्हा सांगणार, मग ती कशाला हवी? १९८० साली सायमन अँड शूस्टरने सिल्हूट ही नवी शाखा काढली, ती हार्लेक्विनने परत पाठवलेल्या अशाच अमेरिकन लेखिकांच्या बळावर. रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी 'आयरिश थरोब्रेड' १९८१ मध्ये तिथून आली. गंमत अशी की पुढे १९८४ मध्ये हार्लेक्विनने सिल्हूटच विकत घेतली आणि दारातून परत पाठवलेली लेखिका मागच्या दाराने त्याच घरात आली.

'आयरिश थरोब्रेड' आज वाचताना अवघडायला होते. आयर्लंडहून मेरीलँडच्या घोड्यांच्या फार्मवर आलेली लहानखुरी, तापट डी आणि फार्मचा मालक ट्रॅव्हिस. त्याचा अधिकार आणि तिचा संताप यांच्यातल्या ओढाताणीलाच कादंबरी प्रेम म्हणते. तो तिला अडवतो, उचलतो, तिच्यासाठी ठरवतो. त्या काळच्या साच्यात हे सगळे बसते आणि लेखिका त्या साच्याशी भांडत नाही. हे पुस्तक चांगले आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे जी पुढच्या चाळीस वर्षांची खूण ठरते. डीला घोड्यांचे काम येते, आणि ते येते हे आपल्याला दाखवले जाते. ती मालकाच्या नजरेत भरते, याला तिच्या चेहऱ्याइतकेच तिचे हातही कारण आहेत.

२

रॉबर्ट्स यांच्या शैलीबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. एकाच प्रसंगात त्या एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात सरळ उडी मारतात. लेखनाच्या कार्यशाळांत हे दोषांच्या यादीत पहिल्या पाचांत असते. एका प्रसंगाला एकच दृष्टिकोन, हा नियम आपणही विद्यार्थ्यांना शिकवतो.

पण या प्रकारापुरते हे तपासून पाहावे. जुन्या प्रेमकादंबरीत आपण जवळजवळ सतत नायिकेच्या डोक्यात असतो. नायक म्हणजे बंद दार. त्याच्या रागाचा, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ शेवटच्या प्रकरणात कळतो आणि आधीचा सगळा दुष्टपणा प्रेमापोटी होता, असे आपल्याला मानून घ्यावे लागते. या रचनेमुळेच क्रूर पुरुष क्षम्य ठरतो. रॉबर्ट्स यांनी नायकाचे मन उघडे केले आणि हा सौदा मोडला. तो काय विचार करतो आहे हे आपल्याला त्याच क्षणी कळत असेल, तर गूढपणाच्या पडद्याआड त्याला वाईट वागता येत नाही. तो घाबरलेला आहे, त्याला काय बोलावे सुचत नाही, तो चुकतो आहे, हे उघड्यावर घडते. दोघांच्या मनात काय आहे ते फक्त वाचकाला दिसते आणि त्या दोघांना दिसत नाही. विनोद आणि ताण दोन्ही या फटीतून येतात. तंत्रातला दोष म्हणून जे सांगितले जाते, त्यामागे एक नैतिक निवड आहे.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरीचे तंत्र मराठीत उघड्यावर आणले. तेव्हापासून 'तांत्रिक' हा शब्द आपल्याकडे अर्धा शिवीसारखा वापरला गेला. ज्याला आतून काही सांगायचे नाही तो तंत्राकडे वळतो, असा त्यामागचा समज आहे. दृष्टिकोनाच्या या उड्या पाहिल्या की त्या समजाचे दुसरे टोक दिसते. तंत्र बदलल्याशिवाय काही गोष्टी सांगताच येत नाहीत.

३

रॉबर्ट्स यांच्या पुस्तकांतून एकच निवडायची झाली तर मी 'बॉर्न इन आइस' निवडेन. १९९४ ते १९९६ या काळात आलेल्या, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात घडणाऱ्या तीन कादंबऱ्यांतली ही मधली. पहिल्या 'बॉर्न इन फायर'ची नायिका मॅगी काच फुंकून शिल्पे घडवते, आणि तिचा नायक रोगन डब्लिनमधल्या कलादालनाचा मालक. त्यांचे प्रेम आणि त्यांचा करार एकाच वेळी घडत जातात. कोणती वस्तू विकायची, कोणती नाही, कलावंताच्या कामावर विकणाऱ्याचा हक्क किती, ही भांडणे शयनगृहाच्या प्रसंगांइतक्याच उत्कटतेने लिहिली आहेत. बाजारात उभ्या असलेल्या लेखिकेला हा विषय आतून माहीत असणार, हे सांगायला नको.

'बॉर्न इन आइस'मध्ये मॅगीची धाकटी बहीण ब्रियाना घरातच पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. हिवाळ्यात तिथे ग्रेसन थेन नावाचा अमेरिकन रहस्यकथालेखक राहायला येतो. त्याला पुस्तक लिहायचे आहे. त्याला घर नाही, माणसे नाहीत, भूतकाळाचे नावही त्याने टाकून दिले आहे. तो वरच्या खोलीत लिहितो, ती खाली पाव भाजते, बाग बघते, चादरी बदलते. प्रेमकथेचा सांगाडा उघड आहे. भटका माणूस घर मिळवतो. पण माझे लक्ष जाते ते दोन दिनक्रमांकडे. लेखकाचा दिवस आणि घर चालवणाऱ्या बाईचा दिवस या कादंबरीत एकाच मापाने मोजले आहेत. त्याच्या पानांना जितकी जागा, तितकीच तिच्या कणकेला. त्याची तंद्री मोडू नये म्हणून ती ताट दारापाशी ठेवून जाते, तेव्हा ताट करण्यालाही वेळ लागला आहे हे कादंबरी विसरत नाही.

आणि तरी इथेच काहीतरी खुपते. रॉबर्ट्स यांच्या स्वतःच्या आयुष्यात लिहिणारी आणि चादरी बदलणारी ही एकच बाई होती. मुले लहान असताना पेन्सिल आणि पातेले एकाच हातात होते. कादंबरीत मात्र ही बाई दुभंगते. लेखन पुरुषाकडे जाते आणि घर बाईकडे. अनेक वर्षे मी याला माघार समजत होते. आता तसे वाटत नाही, पण पूर्ण समाधानही झालेले नाही. कदाचित एकाच देहात दोन्ही कामे ठेवली असती, तर प्रेमकथेला वेळच उरला नसता.

याच कादंबऱ्यांत एक तिसरी बाई आहे, जिच्याकडे वाचक सहसा रागाने पाहतात. मॅगी आणि ब्रियाना यांची आई मेव्ह. ती गायिका होती. लग्न आणि मूल यांनी तिचे गाणे संपवले आणि त्याचा सूड ती आयुष्यभर मुलींवर उगवते. ती कडवट आहे, अन्यायी आहे. कादंबरी तिला फारशी माफी देत नाही. पण जिचे काम हिरावले गेले त्या बाईचे काय होते, हे चित्र गोड शेवटाच्या तीन पुस्तकांच्या मधोमध उभे आहे. बर्फाच्या वादळात वही सापडली नसती तर काय झाले असते, त्या शक्यतेची ही सावली मला वाटते.

४

रॉबर्ट्स यांच्या जगात काम हेच खरे शृंगाराचे स्थान आहे. चेसपीक उपसागराच्या काठावरच्या कादंबऱ्यांत दत्तक घेतलेले भाऊ मिळून लाकडी नावा बांधतात. लग्नांची सगळी व्यवस्था करणाऱ्या चार मैत्रिणींच्या कादंबरी-चतुष्टयात एक फोटो काढते, एक फुले सजवते, एक केक करते आणि एक सगळ्यांचा हिशेब सांभाळते. १९८२ मध्ये पुस्तकांची कपाटे करून घ्यायला रॉबर्ट्स यांनी एक सुतार बोलावला. १९८५ मध्ये त्याच ब्रूस वाइल्डर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांच्या कादंबऱ्यांतले नायक रंधा, करवत आणि खिळे इतक्या सहजतेने का हाताळतात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मेरीलँडमधल्या बून्सबरो या गावात चौकातली एक जुनी इमारत त्यांनी विकत घेऊन तिचे पाहुण्यांसाठी घर केले. डागडुजी चालू असताना २००८ साली तिला आग लागली. पुन्हा काम करून ते २००९ मध्ये उघडले. तिथल्या खोल्यांना साहित्यातल्या जोडप्यांची नावे आहेत. एलिझाबेथ आणि डार्सी आहेत, जेन आणि रॉचेस्टर आहेत. अट एकच, शेवट गोड झालेला असावा. रोमिओ-ज्युलिएटला तिथे खोली नाही. पुढे याच इमारतीच्या जीर्णोद्धारावर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या पहिलीत तीन मुलांची विधवा आई पुस्तकांचे दुकान चालवते, आणि दुकानाचे नाव रॉबर्ट्स यांच्या पतीच्या खऱ्या दुकानाचेच आहे.

मर्यादाही इथेच दिसते आणि ती सांगितलीच पाहिजे. या जगात काम असते, पण कामाचा तोटा क्वचितच असतो. दुकान चालते, घर उभे राहते, पाहुणे येतात. कर्जाचा हप्ता चुकला, गिऱ्हाईक फिरकलेच नाही, हात दुखून काम सोडावे लागले, असे घडले तरी पुढच्या प्रकरणात ते सावरले जाते. हाताच्या कौशल्याचे इतके बारीक वर्णन करणारी लेखिका मजुरीच्या दराबद्दल फारसे बोलत नाही. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे जग मोठ्या प्रमाणात गोऱ्या, बऱ्याचदा आयरिश वंशाच्या अमेरिकेचे आहे. अमेरिकन प्रेमकादंबरीच्या लेखकांची संघटना १९८० मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापकांत व्हिव्हियन स्टीव्हन्स ही कृष्णवर्णीय संपादिका होती. म्हणजे या प्रकाराच्या उभारणीत जे हात होते, ते सगळे त्याच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकांच्या पानांवर दिसत नाहीत. गोड शेवट कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न खोल्यांच्या नावांपेक्षा मोठा आहे.

५

आता त्या आकड्याकडे परत येऊ. जास्त लिहिण्याने लेखन पातळ होते, हा आरोप. १९९५ मध्ये प्रकाशकांना रॉबर्ट्स यांच्या वेगाशी जुळवून घेता येईना, म्हणून दुसऱ्या नावाने लिहायचे ठरले. जेसन आणि डॅन या मुलांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन जे. डी. रॉब हे नाव तयार झाले. पहिले पुस्तक 'नेकेड इन डेथ'. २०५८ सालचे न्यूयॉर्क, खुनांचा तपास करणारी पोलीस अधिकारी ईव्ह डॅलस आणि पहिल्याच प्रकरणातला संशयित, अब्जाधीश रोर्क. ही मालिका आज पन्नास पुस्तकांच्या पुढे गेली आहे.

निव्वळ धंद्याच्या कारणाने सुरू झालेल्या या मालिकेत असे काही घडले जे एकट्या कादंबरीत घडणे कठीण होते. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रेमकादंबरीची आठ आवश्यक अंगे सांगितली. भेट, अडथळा, ओढ अशी ती चढत जातात आणि वचनापाशी येऊन थांबतात. ईव्ह आणि रोर्क यांचे लग्न तिसऱ्या पुस्तकातच होते. पुढची चाळीस-पन्नास पुस्तके लग्नानंतरची आहेत. जिथे हा प्रकार पडदा टाकतो, तिथे ही मालिका सुरू होते. कोण कुणाला किती सांगते, पैशाने श्रीमंत नवऱ्याकडून काय घ्यायचे आणि काय नाकारायचे, कामावरून रात्री उशिरा आलेल्या बायकोला खायला कोण घालते.

त्याहून महत्त्वाचे आहे ते ईव्हचे बालपण. आठ वर्षांची असताना ती डॅलस शहरातल्या एका गल्लीत जखमी अवस्थेत सापडली. तिच्यावर बापाने केलेले अत्याचार आणि त्याचा शेवट तिला तुकड्यातुकड्याने आठवत जातो. एका कादंबरीच्या मर्यादेत प्रेम हे औषध ठरते. तो भेटला, ती बरी झाली. पन्नास पुस्तकांत असे म्हणता येत नाही. स्वप्ने परत येतात. बरे वाटते, पुन्हा बिघडते. २०११ च्या पुस्तकात तिला कामासाठी त्याच शहरात परत जावे लागते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वाचनानंतर वाचकालाही ते जाणे अंगावर येते. कथेतला काळ जेमतेम दोन-तीन वर्षे सरकतो, लेखिकेचा काळ मात्र तीन दशकांचा आहे. जखम भरायला किती वेळ लागतो, हे इथे सांगितलेले नाही. तो वेळ खरोखर घेतला आहे. संख्या इथे दोष राहत नाही, ती रचनेचाच भाग होते. पन्नासांतली सगळी पुस्तके सारख्या ताकदीची नाहीत. काहींत तपासाचा भाग सरळसोट आहे, रोर्कची श्रीमंती तर कित्येकदा जादूच्या कांडीसारखी वापरली जाते. पण एकेक पुस्तक सुटे काढून मोजले, तर या लेखनाचा खरा आकार हाती येत नाही.

६

१९९७ मध्ये एका वाचकाने दोन प्रेमकादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. एक रॉबर्ट्स यांची १९८९ मधली 'स्वीट रिव्हेंज'. दुसरी जॅनेट डेली यांची 'नटोरियस'. दोन्हींत सारखे उतारे सापडले. डेली यांनी चोरी मान्य केली, मानसिक आजाराचे कारण दिले. १९९८ मध्ये तडजोड झाली आणि मिळालेली रक्कम रॉबर्ट्स यांनी साक्षरतेच्या कामाला दिली. जिच्यामुळे एकेकाळी खुर्ची रिकामी नव्हती, तिनेच पुढे या लेखिकेची वाक्ये उचलली, हा योगायोग एखाद्या कादंबरीत आला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

मला मात्र यातल्या त्या अनाम वाचकाचे महत्त्व वाटते. प्रेमकादंबऱ्या सगळ्या सारख्याच असतात, हे वाक्य आपण किती सहज बोलतो. त्या खरोखर सारख्या असत्या, तर चोरी लक्षात आली नसती. साचा सारखा आहे हे त्या वाचकाला आपल्यापेक्षा चांगले माहीत होते. त्याच्या आत कुठले वाक्य कुणाचे, हेही माहीत होते. हजारो पाने वाचणारा, वेळ घालवण्यासाठी वाचतो म्हणून हिणवला जाणारा वाचक वाक्यांपर्यंत जाऊन वाचत होता. समीक्षकांनी ती चोरी पकडली नाही. समीक्षक ते वाचतच नव्हते.

२०१९ मध्ये पुन्हा असेच प्रकरण उभे राहिले. ब्राझीलमधल्या एका लेखिकेच्या पुस्तकांत अनेक प्रेमकादंबरीकारांचे उतारे सापडले, आणि बचावात असे सांगितले गेले की मजुरीवर लावलेल्या लेखकांकडून काम करून घेतले होते. रॉबर्ट्स यांनी खटला भरला. या वेळी भांडण एका व्यक्तीच्या चोरीपुरते नव्हते. इंटरनेटवरच्या बाजारात दर महिन्याला नवे पुस्तक टाकायचे, त्यासाठी शब्द विकत आणायचे, अशी एक व्यवस्था तयार झाली होती. वेगासाठी आयुष्यभर हिणवली गेलेली लेखिका त्या वेगाविरुद्ध उभी राहिली, यात विसंगती नाही. त्यांचा वेग तासांनी तयार झालेला आहे. पहिला खर्डा मागे न पाहता शेवटपर्यंत लिहायचा, मग पहिल्या पानापासून पुन्हा, मग पुन्हा. संशोधन स्वतःचे, वाक्ये स्वतःची, दुसऱ्याचा हात नाही. ही पद्धत त्यांनी वारंवार सांगितली आहे. वेग वेगळा आणि घाई वेगळी, हा भेद करायला आपण शिकलो नाही, म्हणून दोघांनाही एकाच तराजूत टाकतो.

७

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकादंबरी वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांनी कथेइतकेच वाचण्याच्या कृतीबद्दल सांगितले. पुस्तक हातात असते तेवढा वेळ त्या कुणाच्या आई किंवा बायको नसतात. तो वेळ त्यांचा असतो. या निष्कर्षाचा अर्धा भाग वाचकाबद्दल आहे. दुसरा अर्धा लेखिकेबद्दल असायला हवा होता. लिहिणारीनेही तो वेळ कुठून तरी काढलेला असतो.

हे लिहिताना मला आपल्या भाषांतल्या लेखिका आठवतात. तेलुगूत यद्दनपूडी सुलोचना राणी, तमिळमध्ये रमणीचंद्रन. लाखो वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाचले, त्यांच्याविषयी मराठीत एखादा धड लेख मिळणे मुश्कील. मराठीत वाचनालयांच्या कपाटांत ओळीने उभ्या असलेल्या, पाने गळालेल्या, पुन्हापुन्हा शिवून घेतलेल्या कादंबऱ्यांच्या लेखिकांविषयीही तेच. त्या किती वाजता लिहीत होत्या? कुठे बसत होत्या? मासिकाचा हप्ता पोचवायच्या दिवशी घरात पाहुणे आले तर काय करत होत्या? पैसे हातात कुणाच्या पडत? आपल्याकडे कवीच्या मौनाची नोंद आहे, या बायकांच्या दिनक्रमाची नाही. रॉबर्ट्स यांच्याबद्दल इतके सांगता येते ते त्यांनी स्वतः सांगितले म्हणून, आणि त्यांच्या वाचकांनी ते जपले म्हणून.

माझ्या लहानपणी शेजारच्या एक काकू दुपारी लायब्ररीचे पुस्तक वर्तमानपत्राच्या कव्हरात गुंडाळून वाचत. कव्हर पुस्तक खराब होऊ नये म्हणून, असे त्या सांगत. पुढे साहित्याची विद्यार्थिनी झाल्यावर मीही तेच केले, फक्त माझे कव्हर अधिक सुबक होते. मी त्या पुस्तकांबद्दल कधी लिहिलेच नाही. रॉबर्ट्स यांची सगळी पुस्तके चांगली आहेत असे म्हणायला मी तयार नाही, अर्धीही नाहीत. पण 'बॉर्न इन आइस'बद्दल आणि ईव्ह डॅलसच्या न भरणाऱ्या जखमेबद्दल मी एखाद्या मान्यवर कादंबरीबद्दल लिहिते तसेच लिहायला हवे होते, आणि ते वीस वर्षांपूर्वी लिहायला हवे होते. काकू आज ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या वेळी गावी गेले की त्यांना विचारायचे आहे, कव्हराच्या आत कोण होते.